पाळक घडतो कुठे? परदेशी सेमिनरीपासून कातकरी वाडीपर्यंत





गेल्या महिन्यात रविवारच्या उपासनेनंतर एका मंडळीतील वडिलांनी मला बाजूला घेतले आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी, औषधांसाठी पैसे मागता ते समजते. पण वाडीवरच्या माणसाला ईशज्ञान कशाला? तो प्रार्थना करतो, गीते गातो, तेवढे पुरे नाही का? आणि शिकवायचेच असेल, तर एखादा हुशार मुलगा निवडा आणि सरळ परदेशात पाठवा. तिकडची एक मंडळी खर्च करायला तयार आहे."

त्यांच्या बोलण्यात दोन प्रश्न होते. वाडीवरच्या सेवकाला ईशज्ञान हवे का, हा पहिला. आणि हवे असेल तर ते कुठे द्यायचे, हा दुसरा. चहा पिता पिता उत्तर देणे मला जमले नाही. म्हणून या अंकात सविस्तर लिहीत आहे. आपल्या संस्थेसमोर सध्या याच बाबतीत एक निर्णय आहे. तो काय, ते शेवटी सांगतो.

अर्धवट शिकवण्याची किंमत

आधी पहिला प्रश्न. तळोज्याहून पूर्वेकडे, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याला ज्या वाड्या आहेत, त्यांपैकी एका वाडीत काही वर्षांपूर्वी एक लहान मंडळी सुरू झाली. त्या मंडळीचा पुढारी प्रामाणिक माणूस. सातवीपर्यंत शिकलेला, आवाज गोड, रात्री-अपरात्री कोणाच्याही घरी प्रार्थनेला धावणारा. आम्ही त्याला पवित्र शास्त्र दिले, गीतांचे पुस्तक दिले, एक ढोलकी दिली आणि पाठीवर हात ठेवून सांगितले, "आता तू सांभाळ."

त्याच वाडीत एका बहिणीला क्षयरोग झाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. हा सहा महिन्यांचा उपचार. दोन महिन्यांत तिला बरे वाटू लागले. आमच्या पुढाऱ्याने याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचला होता. आजाऱ्यासाठी वडिलांनी प्रार्थना करावी, तेल लावावे, असे त्यात आहे. त्याने मनापासून प्रार्थना केली आणि तिला म्हणाला, "देवाने बरे केले आहे, आता गोळ्या म्हणजे अविश्वास." तिने गोळ्या बंद केल्या. चार महिन्यांनी ती पुन्हा आजारी पडली, आणि या वेळी नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा क्षयरोग घेऊन. तिचा जीव वाचला, पण पुढचे उपचार फार लांबले आणि फार कठीण गेले.

दोष कोणाचा? मी त्या पुढाऱ्यावर टाकणार नाही. दोष आमचा होता. त्याच्या हाती शास्त्र दिले, पण ते वाचायचे कसे हे कोणी बसून शिकवले नाही. याकोबाच्या त्या अध्यायात औषध सोडा असे कुठेही लिहिलेले नाही. एक शुभवर्तमान लिहिणारा आणि पौलाबरोबर प्रवास करणारा लूक स्वतः वैद्य होता. हे त्याला कोणी सांगितले असते, तर त्याने प्रार्थनाही केली असती आणि गोळ्याही चालू ठेवायला लावल्या असत्या.

ईशज्ञान म्हणजे मोठमोठे ग्रीक शब्द आणि जाड पुस्तके, अशी आपली समजूत असते. वाडीवर त्याचा अर्थ साधा आहे. एक वचन वाचले, तर त्याच्या मागेपुढे काय आहे ते पाहणे. दुसरीकडे शास्त्र काय सांगते ते ताडून पाहणे. आणि मग, आपण जे बोलतो त्याने समोरच्या माणसाचे काय होईल, याचा विचार करणे. हे न शिकलेला पुढारी कितीही भक्तिमान असला, तरी त्याच्या भक्तीचा भार कधीकधी दुबळ्या माणसावर पडतो.

तुरन्नाची पाठशाळा

आता दुसरा प्रश्न. कुठे शिकवायचे?

प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात पौल इफिस शहरात येतो. सभास्थानात विरोध झाल्यावर तो तुरन्न नावाच्या माणसाच्या पाठशाळेत रोज चर्चा करू लागतो. हे दोन वर्षे चालते, आणि त्या काळात आसिया प्रांतात राहणाऱ्या सर्वांपर्यंत प्रभूचे वचन पोहोचते, असे लूक लिहितो.

पौल स्वतः तर गावोगाव गेला नाही. मग वचन पोहोचले कसे? याचा माग कलस्सैकरांच्या पत्रात लागतो. कलस्सैच्या मंडळीने पौलाचे तोंड पाहिलेले नव्हते. त्यांना शिकवले ते एपफ्रास नावाच्या सेवकाने, आणि एपफ्रास त्यांच्याच गावचा. बाहेरून आलेल्या शिक्षकाने तयार केलेला माणूस आपल्या गावात, आपल्या लोकांना त्यांच्या भाषेत शिकवत होता. पुढे तीमथ्याला लिहितानाही पौल चार पिढ्यांची साखळी मांडतो. पौलाने तीमथ्याला शिकवले, तीमथ्याने विश्वासू माणसांना शिकवायचे आणि त्या माणसांनी आणखी इतरांना. ही साखळी कुठे तुटते, ते पाहण्यासाठी आपल्याच महाराष्ट्राचा इतिहास उघडू या.

मुंबई ते एडिनबरो

डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी १८२९ मध्ये मुंबईत आले. मराठी शिकले, शाळा काढल्या. आजचे विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १८३९ मध्ये त्यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी या पारशी तरुणाने बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजात मोठी खळबळ उडाली, प्रकरण न्यायालयात गेले. १८४३ मध्ये विल्सन मायदेशी निघाले, तेव्हा त्यांनी धनजीभाईंना बरोबर नेले. एडिनबरोमध्ये त्यांचे ईशज्ञानाचे शिक्षण झाले आणि १८४६ मध्ये तिथेच त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. धनजीभाई परत आले. १९०८ साली देवाघरी जाईपर्यंतचे त्यांचे सेवेचे आयुष्य याच देशात गेले.

परदेशात शिकूनही माणूस आपल्या लोकांत परततो, याचे हे सुंदर उदाहरण आहे. जे म्हणतात "बाहेर गेला तो गेलाच", त्यांनी धनजीभाईंना विसरू नये.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू आपल्या कामाशी थेट जोडलेली आहे. विल्सन एडिनबरोकडे निघाले त्याच सुमारास उत्तर कोकणातील वारली आणि कातोडी लोकांविषयी त्यांचा एक लेख लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कातोडी म्हणजेच आपले कातकरी बांधव. खैराच्या झाडापासून कात काढणे हा त्यांचा जुना धंदा, त्यावरून हे नाव. म्हणजे १८४३ च्या सुमारास कातकऱ्यांची माहिती लंडनपर्यंत पोहोचली होती. त्या लेखाला आता १८० वर्षे झाली. कातकरी समाज मात्र आजही महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहे, कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर. आमच्या वाड्यांमध्ये मी इतकी वर्षे फिरतो, पण ईशज्ञानाची पदविका घेतलेला कातकरी सेवक मला अजून भेटलेला नाही. एवढ्या काळात त्यांच्याविषयी लिहिणारे पुष्कळ झाले. त्यांना शिकवून त्यांच्यातून शिक्षक तयार करण्याचे काम मात्र मागे राहिले.

बोस्टनहून आलेले पाहुणे

विल्सन यांच्या स्कॉटिश मिशनपेक्षा अमेरिकन मराठी मिशनचा मार्ग वेगळा होता. या मिशनचे पहिले सेवक गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले, आणि १८३१ पासून अहमदनगर हे त्यांचे मोठे केंद्र झाले. १८५४-५५ मध्ये मिशनच्या बोस्टन येथील मुख्य कचेरीचे चिटणीस रूफस अँडरसन पाहणीसाठी हिंदुस्थानात आले. त्यांचे म्हणणे असे की, मिशनरी हा पाहुणा आहे. इथल्या मंडळ्यांनी स्वतःचा कारभार स्वतः चालवावा, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा आणि सुवार्ता स्वतः पसरवावी. त्यासाठी इथलेच पाळक हवेत आणि त्यांचे शिक्षण मातृभाषेत हवे.

या धोरणावर टीकाही झाली, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. इंग्रजी शिकले तर नोकरी मिळते हे लोकांना कळत होते. मिशननेच इंग्रजीवरचा भर कमी केला, तर गरिबांच्या मुलांना तिचे दार कोण उघडणार? हा प्रश्न आजही आमच्यासमोर तसाच उभा राहतो. वाडीतला तरुण विचारतो, "आम्हाला फक्त मराठी आणि इतरांना इंग्रजी, असे का?" त्याला काही तरी उत्तर द्यावेच लागते.

तरीही मातृभाषेच्या मार्गाने काय निपजले, ते पाहा. रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. १९०४ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली. अहमदनगरच्या ईशज्ञान शाळेत त्यांनी शिकवले. परदेशी सेमिनरीत ते गेले नाहीत. पण भजन, कीर्तन, अभंग या आपल्या मातीतल्या साधनांनी त्यांनी मराठी मंडळीला स्वतःचा आवाज दिला. आजही आपण उपासनेत त्यांची पदे गातो, तेव्हा ती आपल्याला भाषांतरासारखी वाटत नाहीत.

रमाबाईंनी दाखवलेली वाट

मग परदेशी शिक्षण वाईट का? नाही. पंडिता रमाबाईंकडे पाहा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या आणि त्यांनी तिथे शिकवलेही. पुढे अमेरिकेत गेल्या. १८८९ मध्ये मुंबईत परत येऊन त्यांनी शारदा सदन सुरू केले आणि नंतर दौंडजवळ केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले.

आयुष्याची अखेरची अनेक वर्षे त्यांनी एका कामाला दिली. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्राचे मराठीत भाषांतर करणे, आणि तेही साध्या मराठीत. त्या स्वतः संस्कृतच्या पंडिता. जड भाषा लिहिणे त्यांना अवघड नव्हते. पण खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळावे, हे त्यांचे माप होते. छपाईचे काम मुक्तीमधल्या मुली आणि स्त्रिया शिकल्या. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये ते संपूर्ण शास्त्र प्रसिद्ध झाले.

उंच विद्या शिकायची आणि ती खाली उतरवून शेवटच्या बाईच्या हातात द्यायची, हे रमाबाईंनी करून दाखवले. म्हणून परदेशी शिष्यवृत्तीचा प्रस्ताव आला की मी मनात विचारतो, "या शिक्षणातून केडगाव निघेल का?"

सेमिनरी जवळ आली, तरी लांबच

आज शिकायला समुद्रापार जाण्याची गरज पूर्वीइतकी नाही. बंगालमधील सेरामपूर महाविद्यालय १८१८ मध्ये सुरू झाले. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला सनद दिली, कारण सेरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. त्या सनदेच्या आधारे देशभरातील अनेक सेमिनरींचे विद्यार्थी आजही सेरामपूरची पदवी घेतात. आपल्या महाराष्ट्रात यवतमाळला १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली आणि १९८३ मध्ये ती पुण्याला आली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून विद्यार्थी तिथे येतात. तिथून बाहेर पडलेल्या पाळकांनी आणि शिक्षकांनी मोठी सेवा केली आहे.

पण वाडीतल्या पुढाऱ्याच्या दृष्टीने पुणेही समुद्रापारच आहे. पदवीच्या अभ्यासासाठी इंग्रजी लागते, आधीचे शिक्षण लागते, आणि तीन-चार वर्षे घर सोडून राहावे लागते. आमच्या कातकरी बांधवांचे वर्ष कसे जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. पावसाळ्यात भातलावणी, खेकडे, मासळी. दिवाळी झाली की सगळे घर उचलून वीटभट्टीवर. पाऊस जवळ आला की परत. जून महिन्यात सुरू होणारा कोणता वर्ग या वर्षात बसतो? आणि बायको-मुलांना भट्टीवर सोडून तीन वर्षे वसतिगृहात कोण राहील?

१९३८ मध्ये मद्रासजवळ तांबरम येथे जगभरच्या मिशनांची परिषद भरली. ईशज्ञानाचे शिक्षण हा मिशनकार्यातील दुबळ्या भागांपैकी एक आहे, अशी कबुली तेव्हाच दिली गेली. पुढे १९५८ मध्ये घानामधल्या बैठकीत आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील सेमिनरींसाठी मोठा निधी उभारण्याचे ठरले. इमारती झाल्या, ग्रंथालये झाली, शिक्षक परदेशी जाऊन शिकून आले. पण रानावनातल्या मंडळीचा पुढारी त्या इमारतीपर्यंत पोहोचतच नव्हता.

ग्वातेमालाचा धडा

यावर उपाय शोधला गेला तो मध्य अमेरिकेतील ग्वातेमाला या छोट्या देशात. तिथल्या प्रेसबिटेरियन सेमिनरीच्या लक्षात आले की, राजधानीत येऊन शिकलेले पुष्कळ तरुण खेड्यात परतत नाहीत. दुसरीकडे, डोंगरातल्या मंडळ्या खरोखर चालवणारे प्रौढ, संसारी, शेतीवाडी करणारे लोक सेमिनरीत येऊच शकत नाहीत. तेव्हा राल्फ विंटर, जेम्स एमरी आणि रॉस किन्सलर यांनी १९६३ च्या सुमारास उलटा विचार केला. विद्यार्थी शाळेकडे येत नसेल, तर शाळेने विद्यार्थ्याकडे जावे.

पद्धत सोपी होती. विद्यार्थी आपल्या घरी, आपल्या वेळेला खास तयार केलेली पुस्तिका वाचतो. धड्यातले प्रश्न सोडवतो. आठवड्यातून एकदा शिक्षक जवळच्या ठिकाणी येतो, पाच-दहा जण एकत्र बसतात, चर्चा होते. आणि रविवारी तो जे शिकला ते आपल्या मंडळीत वापरतो. वाचन, सेवा आणि चर्चा या तिन्ही गोष्टी एकत्र चालतात. चुलीवरच्या तीन दगडांसारखे आहे हे. एक काढला की भांडे कलंडते.

ही पद्धत जगभर पसरली. आपल्या देशात याच कामासाठी १९७१ मध्ये बंगळूरला टॅफ्टी ही संस्था स्थापन झाली आणि निरनिराळ्या भारतीय भाषांत तिचे अभ्यासक्रम सुरू झाले. मी स्वतः ईशज्ञानाची पदविका घेतली ती नोकरी आणि संसार सांभाळत, रात्री वाचून. त्यामुळे या पद्धतीचे कष्टही मला माहीत आहेत. दिवसभर राबून आलेल्या माणसाला पुस्तिका उघडताना झोप येते. आणि जो नीट वाचू शकत नाही, त्याच्यासाठी पुस्तिका पुरेशी नाही. आमच्या वाड्यांमध्ये आम्ही धडा मोठ्याने वाचतो, गोष्ट पुन्हा सांगायला लावतो, आणि प्रश्न तोंडी विचारतो.

उचल कोणी फेडली?

दोन वर्षांपूर्वी परदेशातून एक अनुभवी शिक्षक आमच्या वर्गाला आठवडाभर शिकवायला आले. नम्र माणूस. आमच्याबरोबर जमिनीवर बसून भात-आमटी जेवला. विषय होता ख्रिस्ताने दिलेली मुक्ती. ते इंग्रजीत बोलत, मी मराठी करत होतो, आणि एक ठाकूर बांधव मध्येच वाडीच्या बोलीत समजावत होता. देवाने आपले कर्ज माफ केले, असे त्यांनी सांगितले. मी "कर्ज" म्हटले. कोणाच्या चेहऱ्यावर काही हलले नाही. कारण आमच्या माणसाचा बँकेशी संबंध नाही.

तेव्हा मागे बसलेला एक कातकरी पुढारी म्हणाला, "म्हणजे उचल."

सगळा वर्ग ताठ बसला. उचल म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, लेकरू आजारी पडते, लग्न निघते. भट्टीचा शेठ किंवा त्याचा माणूस आगाऊ पैसे देतो. दिवाळीनंतर सगळे कुटुंब भट्टीवर जाऊन ते फेडते. हिशेब शेठच्या वहीत. हंगाम संपताना सांगितले जाते की अजून इतके बाकी आहेत, पुढच्या वर्षी यावे लागेल.

मग एका बहिणीने विचारले, "येशूनं उचल फेडली, तर मग आम्ही शेठकडं परत जायचं का नाही?"

पाहुण्या शिक्षकांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे. मी प्रश्नाचे भाषांतर केले, पण त्यामागचा भार मला भाषांतरात आणता आला नाही. "हे आध्यात्मिक अर्थाने आहे" असे म्हणून निघून जाणे सोपे होते. पण त्या बहिणीने जे विचारले, ते इस्राएल मिसरातून निघाला तेव्हापासून शास्त्राच्या मध्यभागी आहे.

उत्तर त्या कातकरी पुढाऱ्यानेच दिले. तो म्हणाला, "पापाची उचल येशूनं फेडली, ती परत कोणी मागू शकत नाही. शेठची उचल वेगळी. पण ज्या देवानं आपल्याला मोकळं केलं, त्याला आपण कोणाच्या वहीत अडकून राहिलेलं आवडत नाही. म्हणून हिशेब विचारायचा, आणि विचारायला एकट्यानं जायचं नाही."

त्यानंतर मी वर्गाला सांगितले की वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ पासून आहे. वेठबिगारीखालचे कर्ज त्या कायद्याने रद्दच होते आणि तक्रार तहसील कचेरीत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. त्या वर्षी तीन कुटुंबांनी भट्टीवर जाण्याआधी उचलीची रक्कम कागदावर लिहून घेतली, आणि हंगाम संपल्यावर सगळ्यांनी मिळून हिशेब मागितला. एका शेठने चिडून पुढच्या वर्षी त्यांना बोलावले नाही, आणि तो पावसाळा त्या घरांना जड गेला. पण वहीतली बाकी मिटली.

पाहुणे जाताना मला म्हणाले की, या आठवड्यात तेच जास्त शिकले. त्यांच्याविना हा प्रश्न निघालाच नसता, कारण मुक्तीचा विषय इतका नीट मांडणे आम्हाला जमले नसते. आणि त्या पुढाऱ्याविना त्याचे उत्तर मिळाले नसते. परदेशी शिक्षक हवा की वाडीतला, या वादाचे माझ्यापुरते उत्तर मला त्या दिवशी मिळाले. पाहुण्याने शिकवावे, आणि ते शिकणे पचवून पुढे देणारा माणूस वाडीत तयार असावा.

माझी एक चूक

आता एक कबुली. दहा-बारा वर्षांपूर्वी मी एका हुशार आदिवासी तरुणासाठी शिफारसपत्र लिहिले. परदेशातील एका संस्थेने त्याचा सगळा खर्च उचलला. तो उत्तम शिकला. परत आला नाही. आज तो तिथल्या एका मंडळीत सेवा करतो आणि कुटुंबाला पैसे पाठवतो. मी त्याला दोष देत नाही. तिथेही प्रभूचेच काम आहे. पण तो गेला तेव्हा त्याच्या वाडीला कोणी विचारले नव्हते. पत्रावर सही माझी होती. आणि तो परत आला असता तर कुठे शिकवणार होता? इथे वर्गच नव्हता. त्याला परत यावेसे वाटेल असे काही आम्ही मागे ठेवले नव्हते.

धनजीभाई आणि रमाबाई परत आले, कारण त्यांना करण्यासारखे काम इथे दिसत होते. पाठवण्याआधी आपण ते काम उभे केले पाहिजे.

समोरचा निर्णय

तर सुरुवातीला ज्या वडिलांविषयी लिहिले, त्यांच्या ओळखीच्या मंडळीने आमच्या वर्गातील एका ठाकूर तरुणाला तीन वर्षांच्या शिक्षणासाठी बोलावले आहे. वय चोवीस, बारावी झालेला, इंग्रजी बऱ्यापैकी. समितीत मी म्हणालो की आधी त्याने दोन वर्षे इथे वर्ग चालवायला मदत करावी, मग जावे. हे त्याला कळले तेव्हा तो मला भेटायला आला. म्हणाला, "दादा, शहरातली मुलं परदेशात जातात तेव्हा ती परत येतील का, असं कोणी विचारत नाही. मलाच का विचारता?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याचे म्हणणे खरे आहे.

शेवटी आम्ही ठरवले की हा निर्णय मी घ्यायचा नाही आणि समितीनेही घ्यायचा नाही. तो त्याच्या वाडीच्या मंडळीने घ्यावा. अंत्युखियाच्या मंडळीने उपास आणि प्रार्थना करून, हात ठेवून बर्णबा आणि शौल यांना पाठवले होते. तसेच याला पाठवायचे तर वाडीने पाठवावे, म्हणजे परत येण्याचे बोलणेही वाडीशीच होईल. अडचण एवढीच की निम्मी मंडळी सध्या भट्टीवर आहे. परदेशी बांधवांना मार्चअखेर उत्तर हवे होते. आम्ही त्यांना लिहिले की आमचे लोक पावसाआधी घरी येतात, तोवर थांबाल का? त्यांचे उत्तर आले आहे. ते जूनपर्यंत थांबणार आहेत.

आपण काय करू शकता

पहिली गोष्ट, वाडीच्या वर्गाला आधार द्या. परदेशातून आलेल्या देणग्यांचे नियम २०२० च्या दुरुस्तीनंतर कडक झाले आहेत. एका संस्थेला आलेली परदेशी देणगी आता दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. हे नियम पाळलेच पाहिजेत. पण त्यातून एक चांगली गोष्ट झाली. आपल्या सेवकांचे शिक्षण आपल्याच मंडळ्यांनी उचलायचे, हे आता टाळता येत नाही. पुस्तिकांच्या छपाईला, प्रवासभाड्याला, वर्गाच्या दिवशीच्या जेवणाला फार मोठी रक्कम लागत नाही. ती नियमित मात्र लागते.

दुसरी गोष्ट, आपल्या मंडळीत कोणी निवृत्त शिक्षक, परिचारिका किंवा वकील असेल, तर महिन्यातला एक शनिवार द्या. क्षयरोगाच्या गोळ्यांविषयी परिचारिकेने आणि उचलीविषयी वकिलाने आमच्या सेवकांशी बोलणे हाही ईशज्ञानाच्या वर्गाचा भाग आहे.

तिसरी गोष्ट, प्रार्थना करा. गोळ्या बंद करायला सांगणारा आमचा तो पुढारी आता वर्गाला नियमित येतो. क्षयरोगाच्या प्रत्येक आजाऱ्याला तो स्वतः दवाखान्यात घेऊन जातो, आणि तिथल्या बाकावर बसून त्याच्यासाठी प्रार्थना करतो. त्याच्यासाठी प्रार्थना करा. त्या बहिणीसाठी करा. भट्टीवर असलेल्या मंडळीसाठी करा, की ती पावसाआधी सुखरूप घरी यावी. आणि त्या चोवीस वर्षांच्या तरुणासाठी करा. तो जावो किंवा राहो, वाडीने त्याला आपला म्हणून पाठवावे किंवा आपला म्हणून ठेवून घ्यावे.

प्रभूच्या सेवेतील आपला बंधू,
तळोजा